थप्पी खालून वाचायची

कुठल्याही चित्रापुढे उभे राहिले की हणमंतआप्पा आधी चपला काढायचे. मग दोन्ही पाय खांद्याइतके फाकवायचे, गुडघ्यांत किंचित वाकायचे आणि चित्राकडे पाठ करायचे. हो, पाठ! त्यानंतर उजव्या खांद्यावरून मान वळवून, एक डोळा बारीक करून ते चित्राकडे असं बघायचे, की ते आता भिंतीवरून सुटून आपल्या पाठीवर येऊन बसणार याबद्दल त्यांना कसलीच शंका नसावी. दहा-पंधरा सेकंद गेले की निकाल लागायचा. "डावीकडं जड हाय," किंवा "बराबर तोललंय," किंवा क्वचित, फारच क्वचित, "आरारारा, कंबरडं मोडंल की वं ह्येनं!" हे शेवटचं वाक्य निंदा आहे की स्तुती, हे कळायला मला वर्ष लागलं. ती स्तुती होती.

आप्पांनी चाळीस वर्षं वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात पाठीवरून गोण्या वाहिल्या. माथाडी कामगार. मूळचे सातारा जिल्ह्यातले, पाटणकडचे. काम थांबल्यावर थोरल्या मुलाकडे खांदेश्वरला आले, आमच्याच सोसायटीत, बी विंगला. उंची बेताची, मान आखूड आणि पाठ इतकी रुंद की लिफ्टमध्ये ते तोंड भिंतीकडे करून उभे राहिले तर बाकीच्यांनी जिना धरावा. डोक्यावर पांढरी टोपी आणि ओठांवर एकच प्रश्न: "ह्याचा भार कुठं हाय?" चित्र असो, गाणं असो, कविता असो, नाहीतर सोसायटीच्या सेक्रेटरीचं भाषण असो, प्रश्न तोच. सेक्रेटरीच्या भाषणाला त्यांनी स्वतःच उत्तर दिलं होतं, "हवेत हाय."

आप्पा आता नाहीत. दोन वर्षांपूर्वी गावी, दुपारचं जेवून हात धुवायला उठले आणि गेले. हे मी इथेच सांगून टाकतो, कारण त्यांच्याबद्दल लिहायला बसलं की मला हसू फुटत राहतं, आणि रडायचं काम शेवटावर ठेवलं तर ते राहूनच जाईल.

आता थोडं माझ्याबद्दल. मी जासईच्या एका कंटेनर यार्डात कागदपत्रं सांभाळतो. कुठला डबा कुठून आला, कुठे निघाला, त्यात काय आहे, याची मला बारीकसारीक माहिती असते. पण डबा उघडून आत बघण्याची वेळ माझ्यावर कधी येत नाही. कलेच्या बाबतीतही माझं तेच चाललं होतं, पण ते मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. मला कलासमीक्षक व्हायचं होतं. मनापासून, अगदी दात-ओठ खाऊन व्हायचं होतं. त्यासाठी मी नऊ वर्षं दर रविवारी सकाळी साडेदहा वाजता सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये 'रसास्वाद वर्ग' चालवत होतो. कॅरमचं टेबल भिंतीला उभं लावायचं, सतरंजी अंथरायची, प्रोजेक्टर सुरू करायचा आणि मी बोलायला लागायचं. लघुचित्रं, शिल्पं, विलायती चित्रकला, राग-रागिण्या, जुनी कविता, नवी कविता, काहीही वर्ज्य नव्हतं. श्रोते सात. त्यांतले चार दातारवहिनींच्या आल्याच्या चहासाठी, दोन एसीसाठी आणि एक, तावडेकाका, झोपेसाठी. प्रश्न कुणी विचारायचं नाही. मी माझ्या मनात त्याचं श्रेय माझ्या विवेचनाच्या स्पष्टतेला देऊन टाकलं होतं.

आप्पा पहिल्यांदा आले ते गैरसमजातून. खालून जाताना त्यांना सतरंजी दिसली आणि स्पीकरमधून तबला ऐकू आला. साहजिकच भजन असणार असं समजून ते घरी जाऊन स्वतःचे टाळ घेऊन आले. मी भिंतीवर एका विलायती चित्रकाराची फळांची टोपली लावून 'नश्वरतेचं सूचन' समजावून सांगत होतो. आप्पा टाळ मांडीवर ठेवून अर्धा तास चिडीचूप बसले. शेवटी मी घाम पुसत म्हटलं, "कुणाला काही शंका?" हे मी नऊ वर्षं म्हणत होतो आणि लगेच प्रोजेक्टर बंद करत होतो.

"येक हाय," आप्पा म्हणाले.

माझा हात बटणावरच थांबला. तावडेकाका जागे झाले.

आप्पा उठले, पुढे आले, चपला आधीच बाहेर होत्या, पाय फाकवले, चित्राला पाठ लावली आणि भिंतीवरची टोपली त्यांच्या सदऱ्यावर उमटली. खांद्यावरून बघत त्यांनी विचारलं, "सर, ही टोपली टेबलाच्या कडंला येवढी भाईर का काढलीया? पडंल न्हवं!"

"ती चित्रचौकटीच्या अवकाशाशी संवाद..." मी सुरू केलं.

"त्ये र्‍हाऊ द्या. मला सांगा, तुमाला हात फुडं करावासा वाटतोय का न्हाई, टोपली धरायला? मला मगाधरनं वाटतोय. त्या बाबानं मुद्दाम केलंय सर. आपल्याला जागचं उठवतोय त्यो!"

मी चित्राकडे बघितलं. टोपली खरंच कडेच्या बाहेर होती. पडणार होती. माझा हात, देवाशप्पथ, पुढे गेला. हे चित्र मी सहा वेळा शिकवलं होतं.

त्या दिवसापासून आप्पा दर रविवारी यायला लागले आणि माझी जी त्रेधा उडाली ती काय सांगू! मी तयारी दुप्पट केली. पण आप्पांना पुस्तकांनी कोंडीत पकडता येत नसे, कारण ते त्या वाटेने यायचेच नाहीत. एकदा मी वीरगळ दाखवला. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या माणसाच्या आठवणीसाठी गावाबाहेर उभारलेला कोरीव दगड. त्यावर एकावर एक तीन-चार चौकटी असतात. मी आपला पान वाचावं तसा वरून सुरू झालो: सर्वांत वर शिवलिंगाची पूजा करणारा वीर, त्याखाली त्याला नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत खाली लढाई. आप्पांची चुळबूळ सुरू झाली.

"सर, थप्पी खालनं वाचायची असती."

"म्हणजे?"

"गोन्यांची थप्पी बघायची झाली तर मुकादम आधी काय बघतो? खालचा थर. खालचा थर बसला तर वरचं उभं र्‍हातंय. हा गडी खाली लढतोय, मंग मेलाय, मंग त्या बाया त्याला वर नेत्यात, आन मंग देवाजवळ बसलाय. तुमी वरनं सांगितलं तर देव आदी आन मरान मागनं. असं कुठं असतंय व्हय?"

घरी जाऊन पुस्तक उघडलं. तिथे स्पष्ट छापलं होतं की वीरगळ खालून वर वाचतात. पुस्तक माझंच, खालची पेन्सिलीची रेघसुद्धा माझीच. मी ती रेघ मारून पुढे गेलो होतो! त्या दुपारी मी एकटाच इतका हसलो की बायकोने आतून विचारलं, कोण आलंय.

गाण्याच्या बाबतीत तर त्यांच्यापुढे माझी दांडीच गुल. विलंबित खयाल लावला की मी बोटांवर मात्रा मोजत बसायचो आणि तरी सम चुकायची. आप्पांना तालाचं नावसुद्धा माहीत नसे. ते डोळे मिटून बसायचे आणि बरोबर समेवर त्यांचा उजवा खांदा खाली यायचा. "टेकली," ते पुटपुटायचे. म्हणजे गोणी थप्पीवर टेकली. बारा मात्रा असोत की सोळा, टेकायची जागा त्यांना आधीच ठाऊक असे. एका गायकाच्या ताना चढत्या भाजणीने सुरू झाल्या, मी 'वा, वा' म्हणून मान डोलवत होतो, तेवढ्यात आप्पा म्हणाले, "ह्यो गोनी घेऊन नाचाय लागलाय. नाचायचं असंल तर गोनी ठेव की बाबा खाली!" दातारवहिनी चहा गाळताना इतक्या हसल्या की गाळणं कपात पडलं.

आणि मग मी तो गाढवपणा केला. एका रविवारी आधुनिक कविता घेतली आणि मधोमध, कवीचं नाव न सांगता, स्वतःची एक कविता वाचली. 'काळोखाच्या कंठातून ओघळतो शून्याचा निनाद' अशी तिची सुरुवात होती. एकवीस ओळी वाचून झाल्या. आप्पांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली.

"कुनाची म्हनायची ही?"

"आहे एक नवोदित कवी."

"त्येला निरोप द्या माजा. म्हनावं, पोत्याचं तोंड लई घट शिवलंय. आत काय हाय त्येच दिसंना. आन आत काय नसंलच, तर शिवलं कशापायी?"

मी म्हटलं, देतो निरोप. दिलासुद्धा. तो कवी त्यानंतर कविता करत नाही.

अशी दोन वर्षं गेली. आप्पांच्या नादाने वर्गाला अकरा माणसं झाली. मला आप्पा आवडायचे आणि मनातून त्यांचा रागही यायचा. दोन्ही खरं. मी इतकी पुस्तकं वाचून जे बघत नव्हतो ते हा माणूस पाठ करून बघत होता. शिवाय अजून एक भीती होती: लोक आता माझ्याकडे बघत नव्हते, आप्पा काय म्हणतात याची वाट बघत होते.

अशात मला ते आमंत्रण आलं. वाशीच्या एका कलादालनात तरुण कलावंतांचं प्रदर्शन होतं आणि त्यातल्या मुख्य कलाकृतीवर उद्घाटनाच्या दिवशी मी बोलावं, अशी विनंती होती. विनंती! मला! मी तो मेसेज बायकोला, आईला, यार्डातल्या साहेबांना आणि चुकून केबलवाल्याला फॉरवर्ड केला. कलाकृती प्रणाली नावाच्या मुलीची होती, जासईचीच, नुकतीच कलामहाविद्यालयातून बाहेर पडलेली. दालनाच्या मध्यभागी मातीने भरलेल्या अठ्ठावीस गोण्यांची थप्पी, छातीएवढी उंच आणि एका बाजूला चांगलीच झुकलेली. फोटो बघताक्षणी मला अर्थ लागला. बारा पानी भाषण तयार केलं: 'ढळलेला तोल: श्रमिक अस्तित्वाचं रूपक'. प्रणालीशी तीनदा फोनवर बोललो आणि तिन्ही वेळा तिला तिच्या कामाचा अर्थ समजावून सांगितला. भलेभले पाहुणे येणार होते, दोन संपादक येणार होते. हे भाषण रंगलं तर मी समीक्षक, नाही तर जन्मभर यार्डातला बाबू, इतका साधा हिशेब मी मनाशी मांडला होता.

सिल्कचा झब्बा घालून, आप्पांना आणि दातारवहिनींना घेऊन मी तासभर आधीच पोचलो. "श्रमिकांवरचंच आहे, आप्पा," मी म्हटलं, "तुमच्यावरचंच म्हणा ना." आप्पा खूश झाले. मी त्यांना दालनात सोडून वरच्या मजल्यावर भाषणाची उजळणी करायला गेलो.

अर्ध्या तासाने खाली आलो तर माझ्या हातातली बारा पानं गळून पडली. थप्पी सरळ उभी होती! एक थर आडवा, एक थर उभा, कोपरे सुतात, ओळंबा लावून घ्यावा अशी. शेजारी आप्पा घामाघूम होऊन, बाह्या सरसावून, कौतुकाने बघत होते आणि त्यांच्या बाजूला दालनाचा वॉचमन हात झटकत होता. वॉचमन कोरेगावचा निघाला होता. दोन सातारकर भेटल्यावर अठ्ठावीस गोण्यांचं काय होणार!

"सर, बरं झालं मी आदी बघितलं," आप्पा म्हणाले. "येखाद्याच्या अंगावर आली असती. कुनी लावली हुती कुनास ठावं, खालचा थरच फसलेला."

माझा तोल गेला. मी ओरडलो. दालनभर ऐकू जाईल इतकं ओरडलो. "आप्पा, हा बाजार नाही! कळत नाही तर हात लावू नये माणसानं!"

आप्पांचा चेहरा मला अजून दिसतो. रागावले नाहीत. बाह्या खाली केल्या, गुंड्या लावल्या, "चुकलं," म्हणाले आणि कोपऱ्यातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर जाऊन बसले. गुडघा चोळत होते. डॉक्टरांनी त्यांना दहा किलोच्या वर उचलायला मनाई केली होती हे मला माहीत होतं. त्यांच्या सूनबाईंनी मला निघताना बजावलंसुद्धा होतं. तेव्हा मला ते आठवलं नाही. मला दोन संपादक आठवत होते.

प्रणाली आली, थप्पी बघितली आणि मटकन खाली बसली. एरवी शहरी मराठी बोलणारी ती पोर एकदम घरच्या बोलीवर आली. "कुनी केला ह्यो? मी ती मुद्दाम वाकरी ठेवली व्हती!" दालनाचे व्यवस्थापक धावले, वॉचमनला बाजूला घेऊन झापायला लागले. दोन मदतनीस मोबाइलमधल्या फोटोत बघून थप्पी पुन्हा वाकडी करू लागले. पहिल्या खेपेला ती कोसळली. दुसऱ्या खेपेला उलट्या बाजूला कोसळली. तिसऱ्या खेपेला एक गोणी फुटली आणि ज्यांच्या हस्ते उद्घाटन होतं ते पाहुणे नेमके त्याच वेळी दारातून आत आले, त्यांचे बूट मातीने भरले. वीस मिनिटं उरली होती. दातारवहिनी तोंडाला पदर लावून भिंतीकडे बघत होत्या. त्या रडत नव्हत्या हे त्यांच्या खांद्यांवरून कळत होतं.

मग प्रणाली उठून सरळ आप्पांकडे गेली. "आबा, तुम्हाला सरळ लावता आली, तर वाकडी पण तुम्हालाच जमेल."

आप्पांनी माझ्याकडे बघितलं नाही. तिला विचारलं, "वाकडी कशापायी लावायची, पोरी?"

"आमचे घराचे मागं डोंगर व्हता, आबा. तो कापला. अर्धा नेला, न् उरला तो दोन म्हैने असाच एके बाजूला लटकलेला व्हता. आमी सकाली उठून पयले त्यालाच बघाचो, आज हाय का परला. ही माती त्याचीच हाय."

आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग हळूच म्हणाले, "आरारारा." आणि मग, "माजीच चूक झाली, बाई. डोंगराला थप्पीत बसवाय निघालो मी."

मी तिथेच उभा होतो. माझ्या बारा पानांत 'श्रम' हा शब्द एकेचाळीस वेळा होता आणि 'डोंगर' एकदाही नव्हता. आप्पा चुकले ते अर्ध्या तासात, हातांनी, आणि कुणाच्या अंगावर येऊ नये म्हणून. मी चुकलो ते तीन आठवडे, बसून, आणि मला कुणी मोठं म्हणावं म्हणून. आणि तिला एकदाही विचारलं नव्हतं. इतका साधा प्रश्न, पण माझ्या डोक्यातच आला नव्हता.

"चला," आप्पा उठायला लागले. गुडघ्याने साथ दिली नाही. ते पुन्हा बसले.

"मी घेतो," मी म्हटलं. हे शब्द तोंडातून कसे निघाले, मला सांगता येणार नाही.

आप्पांनी तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. झब्ब्याकडे बघितलं. "एकट्यानं घेता येत न्हाई, सर. गोनी दोगं देत्यात, तवा येक घेतो. पोरी, तू त्या कोपऱ्याला धर. मी हिकडनं नुस्ता हात लावतो. सर, तुमी पाठ करा. वाका. आजून वाका. पेपर वाचल्यावानी काय उभं र्‍हायलाय? वाका म्हनतो न्हवं!"

मी वाकलो. गोणी आली. वीस-बावीस किलोची असेल, आप्पांच्या लेखी पोराचं दप्तर. पण ती पाठीवर बसली आणि माझ्या तोंडातून असा एक आवाज निघाला, जो तावडेकाका घोरतानासुद्धा काढत नाहीत. माती गार होती. झब्ब्यातून पाठीला लागत होती. डोंगर पाठीवर घेऊन मी चार पावलं चाललो आणि त्या चार पावलांत माझ्या डोक्यात एकही शब्द नव्हता, आणि किती बरं वाटत होतं ते!

"हां, आता सरळ थप्पीपरास वाकड्या थप्पीला दुप्पट अक्कल लागती," आप्पा खुर्चीतून सांगत होते. "खालची मागं दाबा. वरची चार बोटं फुडं. तिच्यावरची आनी चार बोटं. बास, बास! मागल्या बाजूला दोन जादा टाका, त्या धरून ठेवत्यात." मी नेत होतो, प्रणाली देत होती, एक मदतनीसही आला, पाहुणे बूट झटकत बघत होते. फुटलेली वॉचमनने सुतळीने शिवून दिली, ती धरून अठ्ठावीसच्या अठ्ठावीस गोण्या. शेवटची बसली तेव्हा तो झुकलेला डोंगर असा लटकला होता की समोर उभं राहणारा प्रत्येक जण नकळत एक पाऊल मागे सरकत होता. पण पडला नाही.

भाषण? मी माईकपुढे गेलो आणि म्हणालो, "हा एक डोंगर आहे. तो कुणाच्या घरामागे होता हे प्रणाली सांगेल. मला सांगता येणार नाही." आणि खाली उतरलो. पुढे प्रणाली बोलली, तुटक तुटक बोलली. नंतर चहाच्या वेळी एका संपादकांनी मातीने माखलेल्या माझ्या झब्ब्याकडे बघून विचारलं, "अहो, ते समीक्षक येणार होते, ते आले नाहीत का?" मी म्हटलं, "नाही आले." माझं समीक्षक होण्याचं स्वप्न तिथे, बिस्किटांच्या बशीशेजारी वारलं, आणि खोटं कशाला सांगू, मला खुदकन हसू आलं.

हसू टिकलं नाही. परतताना आप्पा गाडीत पुढे बसले आणि खिडकीबाहेर बघत राहिले. मी दोनदा घसा खाकरला. बी विंगपाशी ते उतरले, "येतो," म्हणाले, बस.

रविवारपर्यंत माझी कंबर अशी धरली की मला उभं राहता येईना, बसता येईना. मी क्लब हाऊसच्या सतरंजीवर, उशी घेऊन, पालथा पडून वर्ग घ्यायचं ठरवलं. साडेदहा झाले. सगळे आले, आप्पा नाहीत. पावणेअकरा झाले. मला कळून चुकलं की ते येणार नाहीत, आणि आले नाहीत तर मी आता हा वर्ग घेणार नाही, हेही माझं मी ठरवून टाकलं. आप्पांशिवाय त्या भिंतीवर चित्र लावायची मला लाज वाटली असती.

तेवढ्यात दार वाजलं. आप्पा आले, हातात निर्गुडीच्या तेलाची बाटली. कुणाला काही न विचारता माझ्याशेजारी मांडी घालून बसले, माझा सदरा वर सारला आणि अकरा माणसांदेखत माझी पाठ रगडायला लागले.

"आप्पा," मी उशीत तोंड खुपसून म्हटलं, "त्या दिवशी मी चारचौघांत..."

"लागलं मला," ते म्हणाले. "लागलं न्हाई म्हनून खोटं कशाला बोलू? बाजारात चाळीस वर्सं शिव्या खाल्ल्या, पन 'तुला कळत न्हाई' आसं कुनी म्हनलं नव्हतं. दोन रात्री जेवान ग्वाड लागलं न्हाई."

"मग आलात कसे?"

"तुमी अठ्ठावीस गोन्या नेल्या. मधीच टाकून पळाला न्हाई." अंगठा असा दाबला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते अंगठ्याचं की कशाचं, कुणी विचारलं नाही. "आता पडा गप. चित्र लावा म्हनावं. आज मी बगतो."

दातारवहिनींनी लॅपटॉप चालू केला. एक जुनं लघुचित्र उघडलं: गच्चीवर बसलेली एक स्त्री, शेजारी दिवा, आत घातलेली शेज, अर्धवट उघडा दरवाजा. हे मी दर वर्षी शिकवायचो. प्रियकराची वाट पाहणारी नायिका, तिची उत्कंठा, तिची लक्षणं, चाळीस मिनिटं. आप्पांनी काहीच सांगितलं नाही. एक मिनिट गेलं. पाच मिनिटं गेली. इतकी शांतता झाली की तावडेकाका दचकून जागे झाले.

"कुनाला काय दिसतंय?" आप्पांनी विचारलं.

तावडेकाका म्हणाले, "दिव्यातलं तेल संपत आलंय. बऱ्याच वेळची बसलीये ही." त्यांचा आवाज मी वर्गात पहिल्यांदाच ऐकत होतो.

मग दातारवहिनी बोलल्या. चहाचं भांडं हातातच होतं. "ही कुणाची वाट बघत नाहीये," त्या म्हणाल्या. "दाराकडे पाठ आहे बघा तिची. हिला कुणी यायला नको आहे. घरातलं सगळं आवरून झालंय आणि हिला थोडा वेळ, दिवा असेपर्यंत, एकटीला बसायचंय."

वहिनींच्या सासूबाई सहा वर्षं अंथरुणाला खिळून होत्या, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. रविवारचा हा एक तास शेजारणीला त्यांच्यापाशी बसवून त्या इथे येतात, हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. तेही त्यांनी सांगितलं, त्याच आवाजात, चित्राकडे बघत.

चित्रातल्या बाईची पाठ खरंच दाराकडे होती. माझ्या तोंडात सवयीने 'पण शास्त्रात असं' हे शब्द आले होते. आप्पा पाठ चोळायचे थांबले आणि माझ्याकडे बघू लागले. मी ते शब्द गिळले. कोपरावर जोर देऊन, कळ सोसत, मी मान वर केली, आणि अकरा वर्षांत जे कुणालाच विचारलं नव्हतं ते विचारलं.

"वहिनी, अजून काय दिसतंय?"

वहिनींनी चहाचं भांडं खाली ठेवलं आणि त्या चित्राजवळ सरकल्या.